गायरानावरचे पाच मेगावॅट: एका सौर प्रकल्पाच्या स्थानिक जोखमीची तपासणी

खाली मांडलेले गाव नमुन्यादाखल उभे केले आहे. गटाचे क्षेत्र, पंपांची संख्या, सभेतल्या सह्या हे आकडे मांडणीसाठी घेतले आहेत. कायदे, शासन निर्णय आणि कार्यालयांची साखळी मात्र खरी आहे. मराठवाड्यातल्या अवर्षणप्रवण तालुक्यात सौर प्रकल्पाची जागा तपासायला जो कोणी उतरेल, त्याला यातल्या बहुतेक गोष्टी या ना त्या रूपात भेटतातच.

जागा आणि प्रश्न

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा शासन निर्णय ८ मे २०२३ चा. कृषी वाहिन्या (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या तारा) सौर ऊर्जेवर नेऊन शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. ०.५ ते २५ मेगावॅटचे विकेंद्रित प्रकल्प उपकेंद्राजवळ उभारायचे. त्यासाठी खासगी जमीन उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत असावी, सरकारी जमीन १० किलोमीटरच्या आत चालते. या योजनेतला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला; क्षमता ३ मेगावॅट.

आपल्या प्रकरणात क्षमता ५ मेगावॅट. उपकेंद्र ३३/११ केव्हीचे, जागेपासून सरळ रेषेत २.८ किलोमीटरवर, शेजारच्या गावात. जागा म्हणजे २३.४ हेक्टरच्या गायरान गटातले १०.५ हेक्टर. जिल्हाधिकाऱ्यांकडून जागा मिळाली होती, ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव होता, सातबारावर मालकी 'सरकार' आणि पुढे 'गायरान' एवढेच. विकासकाच्या फाइलीत या जागेवर 'जोखीम कमी' असा शेरा होता. करारातली मुदत अठरा महिन्यांची धरली होती. हा शेरा टिकतो का, टिकत नसेल तर किती महिने आणि किती रुपये धोक्यात आहेत, एवढेच तपासायचे होते.

सौर प्रकल्पाला वरच्या पातळीवरच्या परवानग्या फारशा लागत नाहीत, त्यामुळे ही तपासणी अनेकदा उरकली जाते. वीज कायदा २००३ च्या कलम ७ प्रमाणे वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या कक्षेबाहेर आहेत. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत ते पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या गटात येतात. यादी एवढी आखूड दिसली की काम सोपे वाटते. प्रत्यक्षात सगळे ओझे तलाठी सज्जा, भूमी अभिलेख कार्यालय, ग्रामसभा आणि महावितरणचे शाखा कार्यालय या चार ठिकाणी येऊन पडते.

आधी बाद करायच्या गोष्टी

अर्ध्या दिवसात आटोपणारी तपासणी पहिल्यांदा. गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या (आदिवासी) क्षेत्रात आहे का? असेल तर तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू होतात. आदिवासींच्या खासगी जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आड येते: बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्याहून लांब मुदतीला शिवाय राज्य शासनाची मान्यता. पंचवीस वर्षांच्या प्रकल्पाला हे लहान काम नाही. विदर्भात असाल तर झुडपी जंगलाची नोंद पाहायलाच हवी. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच असल्याचे म्हटले आहे. अभयारण्याच्या भोवतालचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, वनहक्काचे प्रलंबित दावे, सिंचन प्रकल्पाचे बुडीत क्षेत्र हेही पाहायचे. या गावात यातले काहीच निघाले नाही. पुढे जायला हरकत नव्हती.

सातबारा गप्प असतो

गायरानाच्या सातबारावर फारसे काही लिहिलेले नसते. तेवढ्यावर 'निर्वेध' असा शेरा मारणे, ही या प्रकरणातली मूळ चूक. सरकारी जमिनीची खरी कहाणी गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांच्या नोंदवहीत सापडते. ती ऑनलाइन शोधत बसू नये. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे कालपर्यंतचा तलाठी) लेखी अर्ज करून नक्कल मागावी. जुनी पाने फाटकी असतात, मोडीवळणाच्या अक्षरात असतात, पण असतात.

त्या वहीत या गटावर चार नावे निघाली. त्यांच्यापुढे १९९० च्या आधीच्या दंडाच्या पावत्यांचे क्रमांकही होते. हा दंड अतिक्रमणधारकाच्या दृष्टीने शिक्षा नसतो, तो पुरावा असतो, आणि घरोघरी या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात. त्याचे कारण २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० पूर्वी अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली सरकारी जमिनीवरची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात आहे. मराठवाड्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात पडीक आणि सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या ही मागणी होती. म्हणून गायरानावरचा तुरीचा पट्टा नुसता 'अतिक्रमण' म्हणून फाइलीत लिहिणे कायद्याने अपुरे आणि राजकीयदृष्ट्या आंधळे ठरते.

दुसऱ्या बाजूलाही कायदा आहे. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. त्यावर राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला. महसूल संहितेचे कलम २२-अ गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन घालते आणि शासकीय सार्वजनिक प्रकल्पांसाठी, दुसरी योग्य जमीन नसेल तर, अपवाद ठेवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांबाबत कडक भूमिका घेतली, राज्यभर नोटिसा निघाल्या आणि काही आठवड्यांत त्याचे राजकारण पेटले. विकासकाने या दोन धारांच्या मध्ये तार कुंपण घालायचे म्हटले, तर दोन्ही बाजूंचे वकील त्याच्याच दारात येतात.

मे महिन्यातली मोजणी

प्रकल्पाचा सर्वेक्षक मे महिन्यात जागेवर गेला होता. मे महिन्यात मराठवाड्यातले कोणतेही कोरडवाहू रान ओसाडच दिसते. उपग्रह चित्रांच्या जुन्या नोंदी उघडून सप्टेंबर-ऑक्टोबरची चित्रे पाहिली, तेव्हा त्याच जागेवर नांगरटीच्या रेघा आणि सात वेगवेगळे पट्टे स्पष्ट दिसले. किमान पाच वर्षांची चित्रे पाहावीत. एका वर्षाचे पीक योगायोग असू शकते, पाच वर्षांचे नसते.

सातही पट्टे मिळून ३.४ हेक्टर भरले, त्यातले २.६ हेक्टर प्रकल्पाच्या हद्दीत येत होते. वहीत नावे चार, जमिनीवर कुटुंबे सात. उरलेल्या तिघांकडे कागद नाही, म्हणून त्यांचा धोका कमी असे मानू नये. कागद असलेला न्यायालयात जातो, कागद नसलेला यंत्रासमोर आडवा होतो.

प्रत्यक्ष फेरीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. गटाच्या मधून ४१० मीटर लांबीची पांदण जाते आणि पलीकडच्या अकरा शेतकऱ्यांची बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणी यंत्र त्यावरूनच जाते. गट नकाशावर ती तुटक रेषेनेही दाखवलेली नव्हती. वहिवाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा होतो आणि वहिवाट सिद्ध झाली की अडथळा काढण्याचा आदेश मिळतो. दुसरी गोष्ट, वायव्य कोपऱ्यात म्हसोबाचे ठाण आणि पुढे मोकळे मैदान. आराखड्यात तिथे इन्व्हर्टरची खोली दाखवली होती.

गुराख्यांशी बोलल्यावर तिसरे कळले. उरणारे १२.९ हेक्टर गायरान कागदावर भरपूर दिसते, पण त्यात मुरुमाच्या जुन्या खदानी, खडकाळ माळ आणि पाझर तलावाचा काठ. सपाट, मातीचा आणि पावसाळ्यात गवत धरणारा तुकडा हाच, आणि सपाट म्हणूनच प्रकल्पासाठी निवडलेला.

वीज कोणाला मिळणार

सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट जमिनीत नव्हती, ती उपकेंद्राच्या आराखड्यात होती.

ठरावाच्या आधीच्या चर्चेत गावाला सांगितले गेले होते की प्रकल्प आला की पंपांना दिवसा वीज मिळेल. योजनेचा हेतू तोच असल्यामुळे सांगणाऱ्याला आपण खोटे बोलतोय असे वाटलेही नसेल. पण दिवसा वीज मिळते ती ज्या उपकेंद्राला प्रकल्प जोडला, त्या उपकेंद्राच्या कृषी वाहिन्यांवरच्या पंपांना. महावितरणच्या शाखा कार्यालयातून एकरेषीय आराखडा (उपकेंद्रातून कोणत्या वाहिन्या निघतात हे दाखवणारा) आणि वाहिनीनिहाय ग्राहकसंख्या घेतली, तेव्हा जागा देणाऱ्या गावातल्या २१४ कृषिपंपांपैकी फक्त ३८ पंप या उपकेंद्रावर निघाले. बाकीचे १७६ दुसऱ्या दिशेच्या उपकेंद्रावरून येणाऱ्या वाहिनीवर. म्हणजे चराई जाणार या गावाची आणि रात्रीचे दारे धरणे सुटणार शेजारच्या गावाचे.

हे कुंपण बांधून झाल्यावर, पहिल्या रब्बीत लक्षात येते. तोवर सरपंचाने चार सभांमधून शब्द दिलेला असतो. मग तो स्वतःची कातडी वाचवायला आंदोलनाच्या पुढे उभा राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यावर पैशाचा हिशेब ठेवला की चित्र पुरते होते. योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. १०.५ हेक्टर खासगी असते तर पहिल्या वर्षी १३ लाख १२ हजार आणि पंचवीस वर्षांत मिळून सुमारे ४ कोटी ७८ लाख रुपये गावातल्या लोकांच्या हातात गेले असते. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने जाते. ग्रामपंचायतीला मिळते ते सामाजिक सुविधांसाठीचे अनुदान, वर्षाला ५ लाखप्रमाणे तीन वर्षे, एकूण १५ लाख. हा हिशेब विरोधी पॅनेलचा कोणताही पदवीधर पोरगा मोबाइलवर पाच मिनिटांत करू शकतो. म्हणून तो तपासणी करणाऱ्याने आधी करून ठेवावा.

ठरावाचे इतिवृत्त

ना-हरकत ठरावाची झेरॉक्स फाइलीत असणे पुरत नाही. ग्रामसभेची नोंदवही पाहावी. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात नक्कल मागता येते. चार गोष्टी पाहायच्या: सभेची सूचना सात दिवस आधी निघाली का, विषयपत्रिकेवर हा विषय होता का, गणपूर्ती होती का, आणि ठरावात गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा आहेत का.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. इथे सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, नंतरच्या तहकूब सभेत ४१ सह्या होत्या आणि विषय 'आयत्या वेळचे' या सदरात घेतला होता. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे सभा बेकायदा नव्हती. पण तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा, तोही गायरानाचा विषय आयत्या वेळी घेणे, हे गटविकास अधिकाऱ्यांपुढच्या तक्रारीचे तयार कलम आहे. ठरावात क्षेत्रही नव्हते. 'सौर प्रकल्पास हरकत नाही' एवढी एकच ओळ.

जमीन देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असल्यामुळे ठराव कमजोर असला तरी आदेश लगेच कोसळत नाही, असा युक्तिवाद विकासकाच्या वकिलाने केला असता आणि तो बरोबरही ठरला असता. तरीही पोलीस बंदोबस्तात गाडलेला पहिला खांब पंचवीस वर्षे राखत बसावे लागते.

राजकारणाचे गणित वेगळे मांडले. नऊ सदस्य, पाच-चार असे पॅनेल, सरपंच थेट निवडून आलेला, ग्रामपंचायतीची निवडणूक अकरा महिन्यांवर. म्हणजे अठरा महिन्यांच्या मुदतीच्या मधोमध आचारसंहिता. त्यात जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका २०२२ पासून रखडलेल्या होत्या, ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांना गती आली. आचारसंहितेच्या काळात नवीन मंजुऱ्या, भूमिपूजने आणि निर्णय मागे पडतात, हे महिने वेळापत्रकात आधीच मोकळे सोडावे लागतात. विरोधी पॅनेलला विकासाला विरोध करायचा नसतो, त्यांना प्रचारासाठी एक नीट मुद्दा हवा असतो. 'गावचे गायरान, शेजारच्यांना वीज, आपल्याला पंधरा लाख' ही घोषणा यमक नसतानाही चालते.

वाहिनी, रस्ता, पाणी

जागेपासून उपकेंद्रापर्यंतच्या ११ केव्ही वाहिनीचा मूळ मार्ग ३.२ किलोमीटरचा होता. ५ मेगावॅटला या दाबावर सुमारे २६० अँपिअर प्रवाह येतो, त्यामुळे तारेचा आकार आणि उपकेंद्रातल्या रोहित्राची क्षमता हे तांत्रिक व्यवहार्यता अहवालात पाहावे लागते. जोखीम मात्र खांबांत होती. साधारण ५५ मीटरला एक याप्रमाणे साठेक खांब, त्यातले २२ खांब नऊ खातेदारांच्या शेतात. नऊपैकी दोन खात्यांवर मयताचे नाव, वारस नोंद झालेली नाही. तिसऱ्या खात्यात बहिणींची नावे होती आणि संमतीपत्रावर फक्त भावाची सही. अशी सही पहिल्या भांडणात उलटते.

रस्त्याच्या कडेने जाणारा मार्ग ३.९ किलोमीटर भरला. सातशे मीटर तार आणि डझनभर खांब जास्त, थोडी वीजहानी जास्त. पण नऊ खातेदारांऐवजी दोनच कार्यालये: ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्गासाठी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, प्रमुख जिल्हा मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. कडेची झाडे तोडायची असतील तर त्याची परवानगी वेगळी, तिला धरून वेळ मोजावा.

गावाचा रस्ता ३.७५ मीटर रुंदीचा. सुमारे १२,३०० पॅनेल म्हणजे चाळीस फुटी कंटेनरच्या सतरा-अठरा खेपा, त्याशिवाय लोखंड, रोहित्र, खडी, सिमेंट. जूनच्या पहिल्या पावसानंतर या खेपा केल्या की रस्त्याच्या कडा तुटतात आणि शाळेची बस बंद पडते. कामाआधी रस्त्याचे तारीखवार चित्रीकरण आणि दुरुस्तीची लेखी हमी, हे दोन स्वस्त उपाय आहेत.

पाण्याचा मुद्दा आकड्यात लहान, बोलण्यात मोठा. पॅनेलमागे दोन लिटर धरले तरी एका धुण्याला २४-२५ हजार लिटर, म्हणजे बारा हजारी दोन टँकर. महिन्यातून दोनदा धुतले तर चार टँकर. एप्रिलमध्ये ज्या गावात पिण्याचा टँकर सुरू असतो, तिथे काचा धुवायला आलेल्या टँकरचा फोटो एका तासात जिल्हाभर फिरतो. मार्च ते जून कोरड्या ब्रशची सफाई ठेवावी आणि उत्पादनातली थोडी घट सोसावी, हे हिशेबात परवडते.

ठेके आणि दबाव

मुरूम, जेसीबी, कुंपण, रखवालदार ही कामे स्थानिकांना मिळावीत ही अपेक्षा रास्त आहे. तिचे रूपांतर वसुलीत होऊ नये यासाठी दर आधी ठरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, पैसे फक्त बँकेतून द्यावेत आणि कोणत्याही एका पुढाऱ्याच्या माणसाला सगळी कामे देऊ नयेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आल्यामुळे हे घडले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. त्यानंतर या विषयाला 'किरकोळ स्थानिक त्रास' म्हणून एका ओळीत गुंडाळणारा अहवाल स्वीकारू नये. पैसे मागितले गेल्यास कंपनीतला कोणता अधिकारी किती तासांत लेखी तक्रार देणार, हे नाव आणि पदासह आधी ठरलेले असले पाहिजे. गावातल्या कोणावर ते ओझे टाकू नये.

महिन्यांत मोजलेली जोखीम

प्रकल्पाची पॅनेल क्षमता ६.७५ मेगावॅट-पीक, म्हणजे सगळ्या पॅनेलांची मिळून कमाल क्षमता. मेगावॅट-पीकमागे वर्षाला १५ लाख युनिट आणि युनिटला ३ रुपये धरले तर वर्षाचे उत्पन्न ३ कोटींच्या थोडे वर, महिन्याला सुमारे २५ लाख. एका महिन्याचा उशीर म्हणजे ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणाऱ्या पंधरा लाखांहून जास्त रक्कम. व्याज आणि मुदत चुकल्याचा दंड यात धरलेला नाही.

मग प्रत्येक जोखमीला शक्यता आणि उशीर दिला. अतिक्रमणधारकांकडून स्थगिती किंवा काम बंद: ६० टक्के शक्यता, आठ महिने, म्हणजे ४.८ महिने. वाहिनीवरचे खातेदार: ७० टक्के, तीन महिने, म्हणजे २.१. दिवसा विजेचा शब्द फिरला आणि निवडणूक त्यावर आली तर: ५० टक्के, चार महिने, म्हणजे २. पांदण आणि ठाण: ८० टक्के, दोन महिने, म्हणजे १.६. रस्ता व पाणी: अर्धा-पाऊण महिना.

या टक्केवाऱ्या जाणकारांचे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे, आणि त्यांची बेरीज करण्याचा मोह टाळावा. स्थगिती असताना वाहिनीही थांबलेलीच असते. त्यांचा उपयोग क्रम लावण्यापुरता. त्या क्रमाने एक गोष्ट दाखवली: ज्यावर सगळ्यात कमी पैसे खर्चायचे ठरवले होते, ती जमिनीची मांडणी सगळ्यात वर होती.

पुन्हा आखलेला आराखडा

तीन पर्याय होते. आहे तसे पुढे जाणे, जागा सोडणे, किंवा हद्द बदलणे. जागा सोडण्याइतके वाईट काही नव्हते. हद्द बदलायचे ठरले.

सात पट्ट्यांचे २.६ हेक्टर बाहेर काढले. पांदण सहा मीटर रुंदीची आणि ठाण मैदानासह बाहेर ठेवले. ते मिळून एक हेक्टर. एकूण ३.६ हेक्टर गेले, गायरानातले ६.९ राहिले. गेलेल्या ३.६ हेक्टरइतकीच जमीन लगतच्या दोन खासगी खात्यांतून भाड्याने घ्यायची: पहिल्या वर्षी ४ लाख ५० हजार, म्हणजे प्रकल्पाचे साडेपाच दिवसांचे उत्पन्न. पंचवीस वर्षांत ही रक्कम सुमारे १ कोटी ६४ लाख होते, ते प्रकल्पाच्या ताळेबंदात बसते की नाही हे पाहून मगच होकार दिला. खासगी खात्यांचा सातबारा पाहताना 'इतर हक्क' रकाना, भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरावर बंधन असलेल्या जमिनीची) नोंद, मराठवाड्याला लागू असलेल्या हैदराबाद कुळकायद्याच्या कलम ५०-ब चे बंधन, सोसायटीचा बोजा आणि फेरफारांवरून सगळे वारस, विवाहित बहिणींसह, तपासायचे. भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा; एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. हद्द बदलाला मंजुरी मिळेपर्यंत तीन महिने धरले.

हद्द बदलल्यावर भूमी अभिलेख कार्यालयाची शासकीय मोजणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि तिच्या वेळी सातही कुटुंबे जागेवर असावीत. खुणेचे दगड त्यांच्यासमोर रोवले की पुढची निम्मी भांडणे तिथेच संपतात.

कृषी वाहिनीच्या बाबतीत विकासकाच्या हातात फक्त पत्र लिहिणे होते. गावची कृषी वाहिनी या उपकेंद्रावर आणायला २.१ किलोमीटरचा जोड लागतो आणि तो निर्णय महावितरणचा. म्हणून प्रस्ताव द्यायचा, पोच घ्यायची, आणि गावात तेवढेच सांगायचे. होईल असे म्हणायचे नाही.

नवी सभा

भेटींचा क्रमही लिहून दिला, कारण तो हटकून चुकतो. विकासक आधी आमदारांकडे जातो, मग तहसीलला, शेवटी गावात, आणि तोवर गावाने ठरवलेले असते की सगळे वरच ठरले. इथे क्रम उलटा: गुराखी, सात कुटुंबे, पांदणीवरचे अकरा शेतकरी, विरोधी पॅनेल, मग सरपंच आणि पोलीस पाटील, त्यानंतर तहसीलदार.

सभा सात दिवसांच्या सूचनेने, विषयपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून, आधी महिलांची सभा घेऊन. ठरावाचा मसुदा असा:

'गट क्रमांक अमुकपैकी ६.९ हेक्टर क्षेत्र, सोबतच्या मोजणी नकाशात दाखवलेल्या चतुःसीमेप्रमाणे, सौर प्रकल्पासाठी वापरण्यास ग्रामसभेची हरकत नाही. नकाशात दाखवलेली सात वहितीची क्षेत्रे, सहा मीटर रुंदीची पांदण व देवस्थानाची जागा प्रकल्पाच्या बाहेर राहतील. मार्च ते जून या काळात पॅनेल धुण्यासाठी गावाच्या हद्दीतील पाणी वापरले जाणार नाही. बांधकामात झालेले रस्त्याचे नुकसान प्रकल्प सुरू होण्याआधी भरून दिले जाईल. मुदत संपल्यावर पाया व खांब काढून जमीन पूर्ववत केली जाईल. गावची कृषी वाहिनी या उपकेंद्राला जोडण्याबाबतचा निर्णय महावितरणचा असून त्याबाबत विकासकाने कोणतेही आश्वासन दिलेले नाही.'

शेवटच्या वाक्यावर सभेत आरडाओरडा होणार हे गृहीत होते. तो सभेत झालेला बरा.

काम सुरू करण्याआधी हातात असायलाच हवेत असे कागद पाच ठरले: हद्द बदलाचा आदेश, नव्या मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), नोंदणीकृत भाडेपट्टे, रस्त्याकडेच्या वाहिनीच्या दोन्ही परवानग्या आणि नव्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल. यातला एक जरी कमी असला तरी खांब गाडायचा नाही, मुदत कितीही जवळ आली तरी.

चराईचा प्रश्न अर्धाच सुटला. ६.९ हेक्टर गवताळ जागा कुंपणात जातेच. पॅनेलखाली मेंढ्या चारता येतात, शेळ्या नाहीत. शेळी पॅनेलवर चढते आणि काच फोडते. पॅनेलची खालची कड सध्याच्या रचनेत जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, मेंढी त्याखाली शिरते पण गाय-म्हैस नाही. कड १.२ मीटरवर नेली तर लोखंड वाढते, वाऱ्याचा भार वाढतो आणि पाया खोल जातो. गावात मेंढ्या दोन घरांच्या, म्हशी साठ घरांच्या. म्हणून गवत कापून उचलण्याचा हक्क गावाला लेखी द्यायचा ठरला, कापणी पावसाळ्यात दोनदा, विळ्याने, तारा जमिनीखालून जातात त्या पट्ट्यांत यंत्र न लावता. त्या हक्काचा लिलाव करायचा की घरटी वाटणी, हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर ठेवला आहे.